सेकंडहँड गाडीतला सिगारेटचा वास जातो आणि परत येतो, त्याचं काय करायचं

गाडी जानेवारीत घेतली. २०१५चं मॉडेल, नाशिकची, एकाच मालकाने वापरलेली, कागदपत्रं चोख. बघायला गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले, हवेत गारठा, चारही काचा खाली आणि आरशाला मोगऱ्याचं परफ्यूम लटकवलेलं. विकायला काढलेल्या गाडीच्या काचा थंडीत कशाला कोण उघड्या ठेवील, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

मार्चअखेरीस अमळनेरला ऊन तापायला लागलं. एका दुपारी गाडी दोन तास उन्हात उभी होती. दार उघडलं आणि वाटलं, आत्ताच कोणी सिगारेट विझवून उतरलंय. मी तर आयुष्यात कधी ओढली नाही. काचा उघडून पाच मिनिटं गाडी पळवली, वास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

एका वॉशिंग सेंटरला अडीच हजार रुपये देऊन आतून सगळं धुऊन घेतलं. आठ दिवस गाडी शाम्पूच्या वासाने घमघमत होती. नवव्या दिवशी शाम्पू उडाला आणि सिगारेट जागच्या जागी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला आणायला शहाद्याला गेलो. ती सात महिन्यांच्या पोराला घेऊन मागे बसली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "भाऊ, गाडीमा बिडीना वास येस." जावईबापूंना वाटलं मीच ओढायला लागलो.

तिथून पुढे मे महिनाभर सुटीच्या दिवशी मी हेच काम केलं. चुका करत केलं. ज्याची गाडी धुऊनही वास परत येतो त्याच्यासाठी हे लिहितोय, कारण "सोडा टाका, जाईल" हे सांगणारे गावात शंभर आहेत.

वास परत का येतो

भरीत पार्टीला शेतात गेलो की पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, धूर शर्टात बसतो. घरी आल्यावर शर्ट धुतला की संपलं. गाडीतही धूर कापडातच बसतो, पण गाडीचं छत काढून, पिळून दोरीवर वाळत घालता येत नाही. सगळी अडचण एवढीच आहे.

सिगारेटचा धूर म्हणजे नुसता वायू नसतो. त्यात डांबराचे बारीक चिकट कण आणि निकोटिन असतं. बंद गाडीत ते काच, प्लास्टिक, कापड, सीटचा फोम, जे सापडेल त्यावर बसतं. वर्षानुवर्षं पुटावर पूट. थंडीत ते गप्प असतं. उष्णता वाढली की त्यातले पदार्थ पुन्हा हवेत उडतात. बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीत तासाभरात ६०च्या आसपास तापमान जातं, डॅशबोर्ड त्याहून जास्त तापतो. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गाडी रोज दुपारी हा जुना धूर नव्याने सोडते. काचा उघडल्यावर जातो तो फक्त हवेतला वास. साठा तसाच राहतो आणि उद्या दुपारी पुन्हा हवेत येतो.

म्हणून परफ्यूम, कापूर, उदबत्ती यांनी काही होत नाही. उदबत्ती तर धुरावर धूर. कोणीतरी कांदा कापून रात्रभर ठेवायला सांगितलं होतं, तेही केलं. सकाळी गाडीत कांदा आणि सिगारेट दोन्ही. पानटपरीच्या शेजारी भजीचा गाडा लागतो ना, तसं.

आधी वास कुठे आहे ते शोधा

ही पायरी मी पहिल्यांदा गाळली आणि दोन रविवार वाया घालवले. गाडी दुपारी बारा ते दोन काचा बंद करून उन्हात लावा. परफ्यूम वगैरे आदल्या दिवशीच काढून टाका. मग दार उघडा, पहिला भपकारा जाऊ द्या आणि नाक एकेका ठिकाणी नेऊन वास घ्या. शेजारी बघतात, बघू द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छत, सीटबेल्ट, सीटची पाठ, पायाखालचं कार्पेट, दाराचं कापड, सन व्हायझर. शेवटी इंजिन चालू करून एसी लावा, हवा आतलीच फिरेल असं बटण ठेवा आणि जाळीतून येणारा पहिला झोत नाकावर घ्या. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत वास आला तर सीट कितीही धुवा, वास जाणार नाही. माझं तसंच होतं.

दुसरी खूण पांढऱ्या फडक्याची. जुन्या धोतराचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळला आणि ड्रायव्हरच्या खिडकीच्या वर छताला हलक्या हाताने फिरवला. फडक्यावर चहाच्या गाळासारखा पिवळट-तपकिरी पट्टा आला. त्याच छतावर मागच्या सीटच्या वर फडकं जवळजवळ स्वच्छ. यावरून कळलं की पहिले मालक पुढे बसून, काच चार बोटं खाली घेऊन ओढायचे. धूर आधी वर जातो आणि मग बाहेर, म्हणून छताचा तो कोपरा सर्वांत वाईट. वॉशिंग सेंटरवाल्याने छताला हातही लावला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "छत कोण धुतं भाऊ?"

कोरडी सफाई आणि काचा

ॲशट्रे असेल तर बाहेर काढून साबणाने घासा आणि ती बसते तो खळगाही पुसा. सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे सरकवून रुळांमधली राख व्हॅक्यूमने ओढा. माझ्या गाडीत हँडब्रेकच्या फटीतून अर्धी जळालेली दोन थोटकं निघाली.

काचेच्या आतल्या बाजूला धुराचा पातळ थर असतो. रात्री समोरून ट्रकचा लाइट आला की काच धुरकट दिसते ती यामुळेच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. डॅशबोर्ड, दारांचं प्लास्टिक आणि स्टिअरिंगलाही तेच पाणी चालतं. स्टिरिओच्या स्क्रीनला आणि लेदरला नको.

व्हिनेगरच का, याला कारण आहे. निकोटिन अल्कधर्मी असतं आणि व्हिनेगर आम्ल. दोन्ही मिळून क्षार तयार होतो. तो हवेत उडत नाही आणि पाण्यात सहज विरघळतो, म्हणून पुसून निघतो. पुसून काढणं मात्र हवंच. नुसतं फवारून सोडलं तर घाण जिथल्या तिथे राहते आणि वर लोणच्याचा वास.

इथेच एक चूक सांगून टाकतो. मी पहिल्यांदा घाईत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावलं. छान फसफसलं, वाटलं घाण निघतेय. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. आधी व्हिनेगरचं पाणी, मग साध्या पाण्याचं फडकं, मग पूर्ण वाळवणं आणि त्यानंतर सोडा, असा क्रम ठेवा.

सीट आणि सीटबेल्ट

सीटवर पाणी ओतू नका. आत दोन-तीन इंच फोम असतो, तो भिजला तर लवकर वाळत नाही आणि सिगारेटच्या जागी कुबट वास सुरू होतो. सीटखाली वायरीही असतात. पिवळ्या कव्हरच्या वायरी आणि पिवळे जोड दिसले तर ते एअरबॅगचे समजा आणि हात लावू नका. शाम्पूचं पाणी फेटून फक्त फेस घ्यायचा, मऊ ब्रशने कापडावर फिरवायचा आणि ओल्या फडक्याने टिपायचा. फडकं दर दोन मिनिटांनी बादलीत पिळायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, तरी अख्खी पुढची जोडी दोन बादल्यांत झाली.

सीट वाळल्यावर खाण्याचा सोडा चाळणीने सगळ्या कापडावर आणि कार्पेटवर भुरभुरवला, रात्रभर ठेवला, सकाळी व्हॅक्यूम. गाडीला अर्धा किलो पुरतो. सोडा सुट्टा घेतला तरी चालतो, फक्त धुण्याचा सोडा आणू नका. आमच्या दुकानदाराने पहिल्यांदा तोच बांधून दिला होता.

सीटबेल्ट सगळे विसरतात. तो रोज छातीवरून, म्हणजे नाकाच्या एक वीत खालून जातो. ड्रायव्हरचा बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, वरच्या बाजूला कपड्यांचे दोन चिमटे लावायचे म्हणजे आत पळत नाही आणि खालचा लोंबता भाग कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचा. आमच्या बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. तीनदा पाणी बदललं तेव्हा फिकट आलं. ब्लीच किंवा कडक केमिकल वापरू नका, बेल्टचे धागे कमजोर होतात आणि ते अपघाताच्या वेळीच कळतं. पूर्ण वाळल्याशिवाय चिमटे काढू नका.

छत

सर्वांत जास्त वास इथे आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं. छताचं कापड पातळ फोमला चिकटवलेलं असतं आणि तो फोम पुठ्ठ्यासारख्या पाट्याला. पाणी किंवा वाफ जास्त झाली की गोंद सुटतो आणि कापड मंडपासारखं लोंबायला लागतं. मग कुशनवाल्याकडे जाऊन नवं लावून घ्यावं लागतं.

म्हणून फवारा कापडावर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. फडकं इतकं पिळलेलं की मुठीत दाबलं तर थेंब पडू नये. पुढून मागे एकाच दिशेने, वीतभर भाग घेत पुसायचं, रगडायचं नाही. मी पहिल्या दिवशी व्हिनेगरच्या पाण्याने एक हात दिला, दोन दिवस वाळू दिलं, मग फेसाचा एक हात, पुन्हा दोन दिवस. चौथ्या वेळी फडकं फिकट निघालं. एकाच दिवसात चार हात देणाऱ्याचं छत खाली येईल. सन व्हायझर आणि छताला धरायच्या हँडलच्या मागची जागाही याच वेळी उरका.

एसी

इथवर सगळं झाल्यावर गाडीत बसलो, वास नाही. एसी लावला, आला.

एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवून कोणी सिगारेट ओढली की तोच धूर पुन्हा पुन्हा कूलिंग कॉइलवरून जातो. कॉइल ओली असते आणि तिच्या बारीक पात्यांमध्ये तो चिकटतो. वरून धूळ. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ काही कमी नाही.

आधी केबिन फिल्टर, म्हणजे एसीची हवा गाळणारा फिल्टर, बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. खण रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागे लांबट झाकण दिसतं. माझा फिल्टर काढला तर कडूनिंबाची पानं, एका किड्याचे पंख आणि मध्ये काळपट थर. मूळचा पांढरा असेल यावर विश्वास बसेना. नवीन घेताना कार्बनचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोलचा थर असलेला मागा. साधा फिल्टर धूळ अडवतो, कार्बनचा वासही पकडतो. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो, तो बघून बसवा. काही जुन्या किंवा खालच्या मॉडेलमध्ये कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, खाचा मात्र असतात. तुमच्याकडे झाकण उघडून आत रिकामं निघालं तर चोरी झाली नाही.

पण एक लक्षात ठेवा, नवा फिल्टर सर्वांत शेवटी बसवा. मी उत्साहात आधी बसवला, नंतर कॉइल साफ केली आणि सुटलेला सगळा वास नव्या फिल्टरने पिऊन घेतला. साडेचारशे रुपये गेले.

कॉइलसाठी फेसाचा स्प्रे मिळतो. त्याची नळी कॉइलपर्यंत कुठून घालायची हे गाडीगणिक बदलतं, म्हणून हे काम मी एसीच्या मेकॅनिककडून करून घेतलं. समोर उभं राहून. त्याने ब्लोअरजवळची एक वस्तू काढून तिथून नळी आत घातली, फेस सोडला, पंधरा-वीस मिनिटं थांबला आणि मग एसी चालू केला. गाडीखाली पाण्याच्या नळीतून आधी काळपट, मग तपकिरी, मग साधं पाणी पडलं. ही नळी मोकळी असणं महत्त्वाचं आहे. एसी अर्धा तास चालूनही गाडीखाली एक थेंब पडत नसेल तर आधी ती साफ करून घ्या, नाहीतर फेस आणि घाण आतच साचेल. मेकॅनिक पन्नाशीचा, कामात तोंड न उघडणारा माणूस. पाणी काळं आलं तेव्हा फक्त एवढंच बोलला, "चांगला ओढनारा व्हता."

कॉइल झाल्यावर ब्लोअर पूर्ण जोरात, बाहेरची हवा घेण्यावर, चारही दारं उघडी, अर्धा तास. मग फिल्टर. रोजच्या सवयीत एक बदल केला: घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करायचा, ब्लोअर चालू ठेवायचा. कॉइल कोरडी होते, कुबट वास धरत नाही.

ओझोन मशीनबद्दल

मशीनने गाडीत ओझोन वायू सोडून वास घालवून देणारे जळगावला आणि धुळ्याला आहेत. ओझोन वासाच्या पदार्थांचं ऑक्सिडीकरण करतो, त्यामुळे फरक पडतो हे खरं. पण तो फुप्फुसाला वाईट आहे. मशीन चालू असताना गाडीत माणूस, जनावर काही नको आणि नंतर काही तास दारं उघडी हवीत. जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा केलं तर रबराचे भाग चिरतात. शिवाय निकोटिनचा थर तसाच असताना ओझोन सोडला तर त्यातून डोळ्या-घशाला झोंबणारे दुसरेच पदार्थ तयार होतात. म्हणजे करायचंच तर सगळी सफाई झाल्यावर, शेवटचा हात म्हणून. आठशे रुपयांत पंधरा मिनिटांत सगळं करून देतो म्हणणाऱ्याकडे मी गेलो नाही. घरात तान्हं पोर येणार असेल तर साफसफाईला पर्याय म्हणून हे नकोच. सुकलेला थर बोटांना लागतो आणि पोरांची बोटं कायम तोंडात असतात.

ऊन कामाला लावा

ज्या उन्हाने वास उघडा पाडला तेच ऊन तो काढायलाही मदत करतं. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे इतकं जमणार नाही. सफाईनंतर दहा दिवस मी गाडी अकरा ते तीन उन्हात, काचा बंद ठेवून लावायचो. तीनला चारही दारं आणि डिकी उघडून वीस मिनिटं वारा लागू द्यायचो. तापून जे उडालं ते बाहेर. ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या पिशव्या आत ठेवायच्या असतील तर गाडी उन्हात असताना ठेवू नका, रात्री ठेवा. तापलेला चारकोल पकडलेलं थोडंफार सोडून देतो. चुलीतला कोळसा ठेवून काही होत नाही, त्याला चारकोलसारखी बारीक छिद्रं पुरेशी नसतात. आमच्या काकूंनी भरून दिलेली टोपली डिकीत आठवडाभर फिरली, फक्त डिकी काळी झाली.

दहा दिवसांनी पुन्हा दुपारची तीच परीक्षा घेतली. दार उघडलं, तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. बहिणीला फोन करून सांगितलं, तर म्हणाली आधी बसू दे.

पावसात परत आला तर

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि ड्रायव्हरच्या पायाजवळ पुन्हा हलका वास. घाबरू नका, हे होतं. दमट हवेत उरलेला थर पुन्हा वास सोडतो. कार्पेटच्या खाली नमद्यासारखा जाड थर असतो, राख आणि सांडलेला चहा सगळा तिथे मुरलेला असतो आणि वरून फेस लावून तिथपर्यंत पोचता येत नाही. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी वर उचलली की कार्पेटची कड मोकळी होते. मी कड उचलून खालच्या थराचा हातभर तुकडा कापून काढला, त्याच मापाचा नवा तुकडा सीट कव्हरवाल्याकडून शंभर रुपयांत आणला आणि बसवला. खालचा पत्रा उघडा होता तेवढ्यात गंज आहे का तेही बघून घेतलं. एका ठिकाणी होता, रुपयाएवढा. तो घासून रंग लावला.